अकरावा हंगाम

डुलुथमध्ये रविवारी रात्री नऊला निकाल लागतो.
बाहेर उणे बावीस, सरोवर काठापासून गोठत आलेलं,
आणि मी डिशवॉशरच्या घरघरीत
मालकीण होऊन बसते
अशा एका हॉकी संघाची,
ज्याच्या खेळाडूंनी बर्फ कधी पाहिलेला नाही.

अकरा हंगाम. करंडक शून्य.
एकदा उपांत्य फेरी, तीही
समोरचा वेंडेल लाइनअप पाठवायला विसरला म्हणून.

माझा गोलरक्षक ऑरिन व्हास्के.
वय एकोणचाळीस, चपळाई एकसष्ट,
दर उन्हाळ्यात दोनने उतरणारी.
त्याला गाव नाही, गुडघे नाहीत,
तरी तो वाकला की
मला कटकट ऐकू येते.
आकडे म्हणतात, काढून टाक.
आकड्यांचं बरोबरच असतं.

मुलगा विचारतो, "मग मिळवलंस काय?"
मी म्हणते, भांडी जागेवर लाव.

वेंडेल मार्चमध्ये गेला. खराखुरा.
टल्साहून त्याच्या लेकीने पासवर्ड शोधून
कळवलं आम्हा तेवीस जणांना,
वडील तुमच्याबद्दल जेवताना बोलायचे.
त्याचा संघ आता यंत्र चालवतं.
आणि चांगलं चालवतं, मेलं.
लाइनअप विसरत नाही.

आज त्याच संघाशी सामना.
मी ऑरिनलाच उभा केला.
तीन-एक हरलो.

तक्ता उघडून खालपर्यंत गेले:
एक्केचाळीस फटके अडवले म्हाताऱ्याने.
एक्केचाळीस!
निरोपाच्या चौकटीत वेंडेलचं नाव
अर्धं टाइप झालं होतं
तेव्हा आठवलं.