दोन नंबरचं बटण

विजयनगरच्या शोरूममध्ये
पोरगा रंग मला विचारतो
आणि टॉर्क उपेंद्रला.
टॉर्क म्हणजे काय, उपेंद्रला ठाऊक नाही,
पण मान अशी हलवतो
की पोरगा आणखी दोन आकडे सांगतो.
चेक माझ्या पर्समध्ये आहे.

बहात्तर लाख, ऑन रोड.
काचेपलीकडे कुणाची तरी डिलिव्हरी चाललीय,
बॉनेटवर लाल सॅटिनची गाठ,
आजोबांना पुन्हा पुन्हा उभं करून फोटो.
चाकाखाली लिंबू फुटलं, त्याचा आवाज आला नाही.
काच जाड आहे.

"आत आयव्हरी घ्या मॅडम, क्लास दिसतो."
म्हटलं, आम्ही रविवारी गाडीतच पोहे खातो,
वर जिरावन टाकून.
तो हसला. त्याला वाटलं, विनोद केला.

मग देवास नाक्याला, सलूजांकडे.
पत्र्याच्या शेडखाली तीच गाडी,
तीन वर्षांची, एकतीस हजार चाललेली, एक्केचाळीस लाख.
"सिंगल हैंड है मैडम, एक ही हाथ चली है."

मी पॅथॉलॉजिस्ट. सव्वीस वर्षं
माणसांना न भेटता त्यांचे रिपोर्ट वाचतेय.
तशीच सर्व्हिसची फाईल वाचली:
ब्रेक पॅड वेळेआधी झिजलेले,
म्हणजे माणूस उशिरा थांबणारा.
मागच्या दाराच्या खिशात निळा खडू, अर्धा.
मागच्या काचेवर घोड्याच्या आकाराचा गोंद,
घोडा खरवडून काढलेला.
नकाशातले पत्ते मात्र पुसायचे राहिलेले:
ओंकारेश्वर. पातालपाणी. एक पोहण्याचा क्लास.
कुटुंब न्यायालय.
कुटुंब न्यायालय.
कुटुंब न्यायालय.
आणि सगळ्यात वर, ताजा, सलूजा मोटर्स.

उपेंद्र बाहेर टायरला लाथ मारून बघत होता.
टायरला लाथ मारून नेमकं काय कळतं
हे लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी
विचारायचं राहिलंय.

दारावर सीटची बटणं, एक आणि दोन.
एक दाबलं तशी सीट मागे गेली, खाली गेली,
मी कुणा लांब पायांच्या माणसाच्या जागेत बुडाले,
पेडल लांब, आरशात नुसतं छप्पर.
दोन दाबलं.
काही नाही.
पुन्हा दाबलं, जरा वेळ धरून.
मनात म्हटलं मोटर गेलीय, वीस हजार तरी कमी करायला लावू.
सलूजा खिडकीत वाकले,
"ख़राब नहीं है जी. किसी ने सेट ही नहीं किया."

तीन वर्षं.

आमच्या जुन्या गाडीला बटणं नाहीत, सीटखाली दांडा आहे.
सकाळी लॅबला निघताना तो ओढून मी स्वतःला पुढे आणते,
संध्याकाळी उपेंद्र मागे नेतो.
त्यावरून कधी भांडल्याचं आठवत नाही.
दांडा गुळगुळीत झालाय, एवढंच.

बायपासवर मी चालवली.
उपेंद्र डावीकडे बसून
त्याच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत राहिला.
ऐंशीला आत इतकं शांत
की त्याच्या पोटातली गुडगुड ऐकू आली.
"नवीच घेऊ," तो म्हणाला,
"दुसऱ्याचं नशीब कशाला अंगावर घ्यायचं?"
रक्तसुद्धा दुसऱ्याचंच चढवतात, मी म्हटलं,
तपासून.
तो गप्प बसला. पटलं म्हणून की
समोर ट्रक होता म्हणून, कोण जाणे.

परत शेडखाली.
सलूजा कॅल्क्युलेटर बडवतायत,
ट्रान्सफर, इन्शुरन्स, वॉरंटी आणखी एक वर्ष.
ठरलेलं अजून काहीच नाही.
मी सीट पुढे घेतली, वर घेतली,
आरसे पाच फूट एक इंचाला आणले,
सेट दाबून एकवर बोट धरून ठेवलं
टिंग होईपर्यंत.

मग उतरले
आणि टायरपाशी उभ्या उपेंद्रला हाक मारली:
ये, बस इथे.
तुझं माप घेते.