खुर्ची वजा

ओपीडीतला वजनकाटा उभ्या माणसांचा.
दोन पावलांएवढी पत्र्याची पाटी,
वर भिंतीला चिकटवलेलं : चप्पल काढून उभे राहा.
मी चप्पल काढली.
पुढचं जमलं नाही.

डॉक्टरीणबाई नवीन, पंचविशीतल्या.
"वजन अंदाजे लिहू का, मावशी?"
मी म्हटलं, नेहरूनगर डेपोबाहेर बावीस वर्षं पीसीओ चालवला,
सेकंदावर पैसे घेतले,
अंदाजे कुणाचा रुपया कापला नाही.
माझंच तेवढं अंदाजे?

मग उंची. ती कुठून कुठे मोजायची
हे त्यांनाही कळेना.
डावा पाय तीन इंच आखूड,
पाठ उजवीकडे झुकलेली, जन्मभर फोन ऐकत असल्यासारखी.
"दोन्ही हात पसरा," म्हणाल्या,
"या बोटापासून त्या बोटापर्यंत. तीच उंची धरतात."
आजवर कुणापुढे पसरले नव्हते.
पसरले.
एकशे एक्कावन्न.
मला वाटलं होतं त्याहून बरीच निघाले.

"वजन मात्र कुठून तरी करून आणा."

कुठून तरी म्हणजे कुर्ल्याची भंगार गल्ली.
रामसुरतच्या काट्यावर तांब्याची वायर होती,
ती उतरवली,
फळी लावून पोऱ्याने मला वर ढकललं.
खुर्चीसकट ब्याण्णव किलो चारशे.
मग दोघांनी उचलून मला एका मोटारीच्या जुन्या सीटवर ठेवलं,
रिकामी खुर्ची चढली : एकोणीस सहाशे.
मी विचारलं, पायातल्या कॅलिपरचं काय? तेही वजा करायचं?
रामसुरत हसला, "वो लोहा तो आपकाच है, दीदी."
रद्दीच्या पावतीवर लिहून दिलं :
सुलभा आरोलकर, ७२.८००.
भावाचा रकाना कोरा.

बसून खाते, असं वहिनी म्हणायची.
खरंच होतं. कमावतही बसूनच होते,
हे तिच्या ध्यानात आलं नाही.
चार बाय पाचच्या खोक्यात
येणारा जाणारा कीव करी, आणि कीव नेहमी गोड असते :
कंडक्टरचा चहा, सत्यनारायणाचा शिरा,
कुणाच्या मुलाला नोकरी लागली, पेढा आधी मला.
नाही म्हटलं तर माणसं दुखावतात.
पाणी मात्र बेतानं.
नाव सुलभा, आणि डेपोच्या शौचालयाला चार पायऱ्या.

साखर दोनशे अडुसष्ट.
बाईंनी पत्रक दिलं. त्यावर बूट घातलेला एक हसरा माणूस,
खाली ठळक अक्षरांत : रोज चाळीस मिनिटे चाला.
मी पत्रकाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.
त्यांनी पत्रक परत घेतलं,
कानापर्यंत लाल झाल्या.
"खुर्चीत बसून हातांचे व्यायाम असतात," म्हणाल्या, "मी शोधून ठेवते."
पोर चांगली आहे.

पोलिओने दीड वर्षाची असताना ताकद नेली,
पण स्पर्शाला हात लावला नव्हता.
डिसेंबरात लादी गार लागायची.
मुंगी चावली तर मी कुणाहीइतकीच ओरडायचे.
आई रात्री तेल चोळायची, तिच्या अंगठ्यावरची विळीची चीर
मला पोटरीला कळायची.
चालत नव्हते ते पाय, पण माझे होते, घरात होते,
हाक मारली तर ओ देत होते.

"डोळे मिटा," बाई म्हणाल्या.
हातात नायलॉनचा बारीक दोरा, माशाच्या गळाला असतो तसा.
"तळव्याला टेकवते. लागलं की हो म्हणा."

मी डोळे मिटले.
पंखा ऐकला.
बाहेर एक्केचाळीस नंबर पुकारला, मग बेचाळीस.
कुणाचं तरी बाळ रडून गप्प झालं.

"करा ना सुरू," मी म्हटलं.

थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

"झालं, मावशी."