बसून

वाद्याचं नावच बसून.
"काय वाजवतो बे शालिक?"
"बसून."
"बसून त आमीबी वाजवतो!"
दारव्ह्याच्या बाजारात हा विनोद चाळीस वर्षं चालला
आणि शालिक वाघाडे दर वेळी हसला,
पहिल्यांदाच ऐकल्यासारखा.

पोलीस बँडनं भंगारात काढलेलं ते लाकूड
त्यानं तीन पोती तुरीच्या भावात घेतलं.
पत्ती मिळेना, तर अडाणच्या काठचा बोरू तासला,
भिजवला, दोऱ्यानं आवळला.
पहिला सूर निघाला तेव्हा
गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

वरातीत गळ्यात पट्टा, चालतच वाजवायचा.
सनईला वरचं आभाळ, याला खालची जमीन.
कुणी ऐकलं नाही ते.
एकदाच, नेरच्या शाळेत, गॅदरिंगला
त्याला एकट्याला वाजवू दिलं. अकरा मिनिटं.
पोरं आधी खिदळली.
मग कुणीतरी उठून पंखा बंद केला.

पुढचे दोन दात पडले, तसा तो मास्तर झाला.
बैल हाकायची तुतारी, आर काढलेली,
तिच्यावर सतरा माणसं.
ढोलाला दाबून धरायचा, क्लॅरिनेटला सैल सोडायचा,
चुकणाऱ्याकडे बघायचाच नाही.

लाडखेडच्या वरातीत जनरेटर बसला.
काठी दिसेना, मास्तर दिसेना,
आमचे सूर एकमेकांच्या पायात.
तेवढ्यात खालून, फार खालून
बोळक्या तोंडाचा घुमारा आला,
हूं… हूं…
आणि आम्ही सगळे त्याच्यावर
पाय टेकून उभे राहिलो.