शून्य पूर्णांक एक

पहाटे स्वारगेटला पणजीची बस आली.
क्लीनरनं थर्मोकोलचा डबा हातात दिला,
"मासळी का, मॅडम?"
म्हटलं, मासळीच्याही आधीचं.

पुण्याला समुद्र नाही.
आहे तो आमच्याकडे, पाषाणला, मशीनच्या पोटात,
चौकटीचौकटींचा, नितळ.
वर्षभर त्यात ऊन ओतलं;
ते सरळ खोल गेलं, कुठे अडलं नाही,
आणि आमचं हवामान जरासं चुकत राहिलं.

नफीसा तांबोळी म्हणाली,
पाण्यात कुणी राहतं
हे आपण हिशोबात धरलेलंच नाही.

मग धरलं. एक ओळ, एक हिरवा आकडा.
ऊन वरच्याच थरात थबकलं,
वरचं पाणी तापलं, खालचं गारठलं.
फरक: शून्य पूर्णांक एक.
एवढ्यानं वारा वाट बदलतो?
तिसऱ्या आठवड्यात बदलली त्यानं,
आमच्या चौकटींत तरी.

रात्री डबा उघडला.
वास कोबी उकडल्यासारखा;
हाच म्हणे वर जातो आणि ढगाला बी पुरवतो.
दिवा घालवला, बाटली हलवली.
निळं काही पेटलं,
विझलं.

"परत," नफीसा म्हणाली.
मी नाही हलवली.
चमकायला त्यांनाही काही जाळावं लागत असेल.

चांदणी चौकाकडे ट्रक घरघरत होते.
बाटली फ्रिजात ठेवली, तिच्या डब्याशेजारी,
आणि वर अस्सल पुणेरी पाटी चिकटवली:

हलवू नये.
आत काम चालू आहे.