काटा थरथरतो तोवर

गणपती पेठेतल्या बोळात, जिथं हळदीचा वास
नाकाला कळायचा बंद होतो,
तिथं माझं दुकान: 'आदगोंडा स्के वर्क्स'.
'ल' आखाडातल्या वाऱ्यानं पडला.
गल्ल्याखाली ठेवलाय, धूळ पुसून.

साडेनवाला शटर वर.
आधी वजनं पुसतो, पाच किलो, दोन, एक,
मग दोनशे ग्रॅमचं पितळी पोर,
मग पुसलेलीच पुन्हा.
स्प्रिंगा डब्यात, स्क्रू बाटलीत, बाटल्यांना चिठ्ठ्या.
येणारा म्हणतो, शेठ, काय तुमची टापटीप!
ही टापटीप कशावर पांघरूण घालते
ते मला ठाऊक.

तिसऱ्या खणात बिल आहे. म्हणजे, नाही.
बिलाचा कोरा कागद आहे.
तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचे चार काटे
फाल्गुनात दुरुस्त केले.
अडतीस हजार चारशे.
आता भाद्रपद संपत आला.

पद्मा विचारते, दिलं का बिल?
मी म्हणतो, पितृपक्ष आहे.
त्याआधी म्हणालो, गणपती आहेत.
त्याआधी नदी चढत होती, आयर्विनवरचे आकडे मोजत
सगळी सांगलीच थांबली होती.
त्या चार रात्री मी किती गाढ झोपलो
हे कुणाला सांगायचं?

आळस नव्हे हा. आळशाला रोज झोप येते.
मी दोन वाजता छताकडं बघत
बिल ओळीनं म्हणतो. रक्कम पाठ, जीएसटी पाठ.

खरं सांगतो, आज पहिल्यांदाच:
चारातला एक काटा चाळीस ग्रॅम खातो.
निघताना दिसलं होतं मला.
गाडी सुटायची होती. पुढच्या वेळी बघू, म्हणालो,
आणि पुढची वेळ येऊच दिली नाही.
बिल गेलं तर फोन येईल,
फोन आला तर चाळीस ग्रॅम निघतील.
एका पारड्यात अडतीस हजार, दुसऱ्यात चाळीस ग्रॅम,
आणि सात महिने झुकलं ते दुसरंच.
तोवर कुणाकुणाचा बेदाणा
रोज थोडा थोडा नाहीसा होत राहिला.

गल्ल्यामागं वडिलांची पाटी: आज रोख, उद्या उधार.
गिऱ्हाईक वाचतं, हसतं, पैसे काढतं.
मीच एकटा तिला खरी मानून बसलो,
सगळं उद्याच्या नावावर मांडत गेलो.
उद्यानं कधी तगादा लावला नाही,
हीच त्याची वाईट खोड.

काल दस्तगीर, वडिलांच्या हाताखाली शिकलेला,
सोल्डरिंगचा धूर फुंकत म्हणाला,
"मालक, काटा थरथरतोय तवर वजन लिहायचं न्हाई, खरंय.
पण माल टाकल्याबिगर
त्यो थरथरणार तरी कसा?"
आणि चहाचे पेले विसळायला गेला.
तो काट्याबद्दलच बोलत होता.

आज खण उघडला.
बिल नाही लिहिलं. तारीख लिहिली.
मग त्यांचं नाव.
मग वजनं पुसायला उठलो, फडकं हातात घेतलं,
फडक्यासकट परत बसलो.
रक्कम लिहिली. आणि खाली,
कुठल्याच रकान्यात न बसणारी एक ओळ:
'तीन नंबरच्या काट्यात चाळीस ग्रॅमचा फरक. चूक माझी.
बुधवारी येऊन पैसे न घेता नीट करतो.'
हात थरथरला. थरथरू दिला.

फोटो काढून पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या.
उत्तर नाही. चारला नाही, सहाला नाही.
कदाचित पैसे कापतील. कदाचित काम जाईल.
आणि गंमत बघा,
मला कडकडून भूक लागली होती.

शटर ओढताना दस्तगीरनं गल्ल्याखालून 'ल' काढला,
"ह्यो कधी बसवायचा?"
'उ' आलाच होता ओठांवर.
म्हटलं, उचल शिडी.