सी विंगचा जाहीरनामा

मसुदा मी लिहिला.
अक्षर बरं आहे, शिवाय चौतीस वर्षं नारायण पेठेतल्या छापखान्यात
दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईनं काढण्यात गेली.

धायरी फाट्याच्या आत तीन इमारती, एक फाटक, एक टाकी.
पाणी आधी ए ला, मग बी ला,
आमच्या नळाला नुसता सुस्कारा.
वर्गणी मात्र तिघांना सारखी.
तेव्हा रविवारी रात्री गच्चीवर ठरलं, चूल वेगळी मांडायची.

चोवीस घरं. एकोणीस हात वर.
त्यातला एक डासासाठी होता, तोही मोजला.

'आम्ही, सी विंगचे रहिवासी' इथवर एकमत.
पुढे 'भाडेकरू वगळून' यावर पाऊण तास.
चारशे दोनच्या रुखसाना तांबोळी टाकीला टेकून उभ्या होत्या, म्हणाल्या,
"अकरा महिन्यांचा करार, अकरा वेळा झालाय.
मी कुठली ते एकदा लिहून द्या."
कुणी काही बोललं नाही.
मी ते दोन शब्द खोडले, समासात खूण केली.
मग त्यांनी कागद हातात घेतला, बॅटरी जवळ धरली,
आणि हळूच बोट ठेवलं:
स्वातंत्र्यातला शेवटचा य माझ्याकडून राहिला होता.

सरकार बनायला चहा थंड होईपर्यंतचा वेळ लागला.
खांबेटे पंतप्रधान, कारण गच्चीची किल्ली त्यांच्याकडे.
पाणी शलमोन उजागरेंकडे, त्यांच्या मेव्हण्याचा टँकर आहे.
परराष्ट्र नवाथेबाईंना,
त्यांची थोरली ए विंगमध्येच दिलेली.
लिफ्ट हे खातं कुणी मागितलं नाही,
हिशेब कुणालाच नको होता, म्हणून तो माझ्याकडे आला.
झेंडा म्हणून उशीचा पांढरा अभ्रा,
कोपऱ्यात धोब्याची निळी खूण.
तीच राजमुद्रा धरावी, असं ठरलं.

सकाळी फक्कीनं सीमा आखली,
गटाराच्या झाकणापासून सोनचाफ्यापर्यंत.
ती नेमकी शेषेरावच्या खुर्चीखालून गेली.
दोन पाय तिकडे, दोन आपल्यात.
तो देगलूरचा. उठला, रेषा बघितली, परत बसला.
"साहेब, पगार मग कोन देणार?"
जाहीरनाम्यात हे कलम नव्हतं.

मान्यता पहिल्यांदा दिली पेपरवाल्यानं:
बिल वेगळं फाडलं.
दूधवाला म्हणाला, विचार करून सांगतो.

मग आम्ही तिघं क्षेत्रीय कार्यालयात गेलो, वेगळी नळजोडणी मागायला.
कारकुनानं जाड वही उलटली, बोटाला थुंकी लावून पुन्हा उलटली.
"ए आहे. बी आहे.
सी ला भोगवटापत्रच नाही, काका.
ही इमारत आमच्याकडे झालेलीच नाही."
खांबेटे काहीतरी बोलणार होते, चष्मा पुसत राहिले.
येताना रिक्षात कुणी बोललं नाही.
ज्यातून फुटायचं
त्यात आम्ही कधी धरलेलोच नव्हतो.
बावीस वर्षं हप्ते भरले, बारशी झाली,
उजागरेंचे वडील याच जिन्यावरून खाली नेले,
चौकोनी वळणावर तिरके करून.

अभ्रा अजून दोरीवर आहे.
चौथ्या मजल्यानं काल स्वायत्तता मागितली,
त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर पडलाय, ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुकांसह.

पहाटे चारला मी गॅलरीत असतो, झोप नाही.
शेषेराव बॅटरी घेऊन येतो, कमरेची किल्ली काढतो.
त्याला आम्ही कुठलंच खातं दिलेलं नाही.
व्हॉल्व्ह फिरवताना लोखंड किरकिरतं,
मी आटे मोजतो. ए चे अकरा.
बी चे नऊ.
आमचे कायम सहा.

आज आठ झाले.

खाली बघितलं तर तो निघून चालला होता, खुर्चीकडे.
वही उघडून बसलोय.
दोन आटे पाणी,
जमेला कशाखाली लिहू,
देणगी की परकीय मदत?