आखणी

कोपरखैरण्यात, चौथ्या मजल्यावर,
मोरीच्या उंबऱ्याशी बाबांचे पाय लादीला चिकटतात.
वरचं अंग निघालेलं, पाय जागेवर,
जणू खाली लादी नाही, खाडीचा चिखल आहे.

आधी मी ओढायची.
"चला ना बाबा, काय झालंय?"
काय झालंय ते सांगता आलं असतं
तर त्यांनी माझ्याआधी चारदा सांगितलं असतं.
दोनदा पडले. दुसऱ्यांदा मीही, त्यांच्याखाली.

वाशीला दर दुसऱ्या शनिवारी आमच्यासारखे जमतात.
तिथे खारकरबाईंनी, नवरा नऊ वर्षं आजारी,
पर्समधून लाल चिकटपट्टीचं रीळ काढलं.
"ओढू नका, ढकलू नका. रेषा मारा.
रेषा दिसली की पाय ती ओलांडतो.
का, ते डॉक्टरला विचारा. ओलांडतो."

रात्री गुडघ्यांवर बसून मारल्या,
खाटेपासून मोरीपर्यंत, हात हात अंतरावर.
सकाळी बाबांनी बराच वेळ पाहिलं.
चेहरा हल्ली हलत नाही, राग की हसू कळेना.
म्हणाले, "तिसरी वाकडी हाय."

हसुराम जोमा पाटील, माझा बाप.
मिठागर गेलं त्या वर्षी सर्व्हेवाल्यांकडे रोजावर लागला,
साखळीचं टोक धरायला.
ह्या कितीतरी गल्ल्यांच्या पहिल्या रेषा
चुन्याच्या, त्याच्या हातच्या.

तिसरी उपटली. नीट मारली.
मग ते चालले.

संध्याकाळचं वेगळं.
संध्याकाळी समोरच्या रस्त्यावर भरती चढते,
राशीतलं मीठ भिजणार म्हणून ते आईला हाका मारतात.
आजी जाऊन बत्तीस वर्षं झाली, असं मी सांगायची,
आणि आजी रोज दिवेलागणीला नव्याने मरायची.
आता म्हणते, "झाकलंय बाबा, ताडपत्री टाकलीय."
हात थोडे निवतात. थोडेच.

दोनची गोळी दोनला, अडीचला नाही,
हे माझ्या भावाला फोनवर अजून पटलेलं नाही.
औषधाच्या दुकानातल्या पोराला पटलंय,
पाकीट संपायच्या आधी तोच आठवण करतो.
वॉचमनने विचारलं, "ताई, लिफ्टपाशीपण मारू का दोन?"
सोसायटीचा उरलेला पांढरा रंग होता त्याच्याकडे.
सेक्रेटरी आधी कुरकुरला,
मग त्याची आई आठवून गप्प बसला.

गुरुवारी चार तास ब्युरोची सुलभा येते.
त्या चार तासांत बँकेची कामं करीन म्हणते
आणि झोपते. चपला पायात असतानासुद्धा.

काल बाबा मधेच थांबले, पाचव्या पट्टीवर.
अडले नव्हते. बघत होते,
एक डोळा मिटून, रेषेच्या टोकापर्यंत.
"हितून म्होरं काय बांधणार?"
मोरी, बाबा.
"मग ढाळ बघून घे," म्हणाले,
आणि पाय उचलला.